पहिली फ्लिंटलॉक बांधताय? मग पटाश्यांचा सेट घेऊ नका

फ्लिंटलॉक रायफलचं, म्हणजे चकमकीच्या ठिणगीने उडणाऱ्या जुन्या धाटणीच्या बंदुकीचं, किट मागवायचं ठरलं की माणूस महिनोन्‌महिने बॅरल कुठलं, लॉक म्हणजे ठिणगी पाडणारं यंत्र कुठलं, दस्त्याच्या मेपल लाकडात लाटा किती यावर डोकं खपवतो आणि पटाश्यांची वेळ आली की ऑनलाइन जाऊन बारा पीसचा लाकडी पेटीतला सेट कार्टमध्ये टाकून मोकळा होतो. तो सेट घेऊ नका. त्यातल्या निम्म्या पटाश्या बंदुकीच्या दस्त्याला, म्हणजे बॅरल ज्यात बसतं त्या लाकडाला, कधी लागतच नाहीत आणि ज्या लागतात त्या नेमक्या मापाच्या नसतात. मोजक्या पण चांगल्या घ्या, त्याही एकदम नाही, काम पुढे सरकेल तशा, आणि वाचलेले पैसे धार लावायच्या सामानात घाला. कुठल्या घ्यायच्या आणि का, ते सांगतो.

त्याआधी कायद्याचं उरकून घेऊ. अमेरिकेत १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये फ्लिंटलॉक आणि तिची आजची नक्कल दोन्ही अँटीक धरतात, म्हणून फेडरल पातळीवर फारशी कटकट नाही. पण राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत, स्वतःच्या राज्याचं आधी बघून घ्या. भारतात मात्र लायसन्सशिवाय बंदूक बनवणं हा १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली सरळ गुन्हा आहे, मग ती चकमकीची का असेना. त्यामुळे पुण्या-नाशकात बसून वाचत असाल तर लाकूडकामापुरतंच घ्या, मेपल आणि पटाशीचं गणित सगळीकडे सारखंच.

आम्ही राहतो पेनसिल्व्हेनियात, आणि इथे ह्या बंदुकीचं वेड असायला कारण आहे. नाताळ संपला की इथे हरणाच्या शिकारीचा एक सीझन लागतो ज्यात फ्लिंटलॉकच वापरावी लागते, ७० च्या दशकापासून चालू आहे ते. आणि ही रायफल मुळात इथलीच. १८ व्या शतकात लँकेस्टर, रीडिंग, बेथलेहेम ह्या भागात जर्मन बोलणारे बंदूकवाले येऊन वसले, त्यांच्याकडची आखूड, जाडजूड येगर रायफल इथे येऊन हळूहळू लांब आणि सडपातळ झाली, दस्ता इथल्या मेपलचा झाला आणि गाल टेकतो त्या भागाच्या मागे रोकोको वळणाचं (वेलबुट्टीदार जुन्या युरोपी शैलीचं) कोरीवकाम आलं. हे सांगायचं कारण एवढंच की पटाशी कुठली लागणार हे त्या मेपलवर आणि त्या वळणांवर ठरतं, दुकानाच्या कॅटलॉगवर नाही.

मेपल म्हणजे सरसकट एकच लाकूड नाही हेही लक्षात घ्या. लाकूड किती कडक हे जांका आकड्याने मोजतात, जितका मोठा तितकं कडक: शुगर मेपलचा १४५०, रेड मेपलचा ९५०, ब्लॅक वॉलनटचा १०१०, आपला साग हजारच्या आसपास. म्हणजे गावच्या सुतारासोबत लहानपणी सागावर पटाशी चालवली असेल तर तो हात रेड मेपलवर बऱ्यापैकी चालेल, शुगर मेपलवर मात्र पटाशी अडते, घसरते आणि कड बसते. त्यात कर्ली मेपल असेल तर लाकडाच्या रेषा लाटेसारख्या वरखाली जातात, बोटभर अंतरात रेषेची दिशा दोनतीनदा बदलते, त्यामुळे सुलट कापतोय कापतोय म्हणेपर्यंत उलट्या रेषेत शिरून कपची उडालेली असते. ह्यावर उपाय दोनच, धार वस्तऱ्यासारखी हवी आणि पटाशी तिरकी धरून सरकवत कापायचं, समोरून रेटायचं नाही.

आता किटचं बघा, कारण अर्धी खरेदी तिथेच ठरते. बाजारात ढोबळ तीन प्रकार मिळतात. एक, ओहायोच्या किब्लरसारखी सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर) कापलेली किटं, ज्यात बॅरल, लॉक, ट्रिगर गार्ड सगळ्याच्या खाचा जवळपास तयार येतात, तुम्हाला फक्त इथेतिथे खरवडून बसवायचं आणि फिनिश करायचं. दुसरा, प्रीकार्व्ह दस्ता, बाहेरून ढोबळ आकार दिलेला, बॅरलची खाच आणि रामरॉडचं (बार ठासायच्या काठीचं) भोक तयार, पण लॉक, बटप्लेट (खांद्याला टेकते ती पट्टी), गार्ड, रामरॉड धरणारे पाइप हे सगळं कमीजास्त प्रमाणात तुमच्या हातचं काम. तिसरा, कोरी फळी. पहिल्या रायफलला फळीच्या वाटेला जाऊ नका, एक मीटरहून लांब खाच हाताने सरळ खोदायची म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. सीएनसी किट असेल तर खाचा खोदायच्या पटाश्यांवर खर्च जवळजवळ शून्य, एक सहा मिमीची चपटी आणि एक स्क्रॅपर, संपलं, उरलेलं बजेट कोरीवकामाकडे. प्रीकार्व्ह असेल तर मात्र दोन वेगळ्या जातीच्या पटाश्या लागणार, आणि ह्या दोन जातींचा घोळच बहुतेकांना कळत नाही.

पहिली जात म्हणजे सुताराची साधी चपटी पटाशी, एकाच बाजूला उतार, पाठ एकदम सपाट. खाच खोदायला हीच, कारण सपाट पाठ भिंतीला टेकवली की भिंत सरळ उतरते. दुसरी जात कोरीवकामाची, हिला दोन्ही बाजूंनी उतार असतो, त्यामुळे ती लाकडात शिरते आणि हवी तेव्हा बाहेरही येते, पण भिंतीला टेकवून सरळ कापायला गेलं की आत किंवा बाहेर पळते. लॉकची खाच कोरीवकामाच्या पटाशीने खोदायला घेतली तर भिंती गोलसर होणार आणि लॉकप्लेटच्या कडेने फट दिसणार, ती फट नंतर कुठल्याही पुट्टीने लपत नाही, मेपलवर तर मुळीच नाही.

तर खाचांसाठी ३, ६ आणि १२ मिमी ह्या तीन चपट्या घ्या. त्यात तीनची सगळ्यात जास्त चालते, लॉकच्या आतल्या सीअरला (ट्रिगरने सुटणाऱ्या खिट्टीला) आणि स्प्रिंगला जागा करायला, ट्रिगरची फट साफ करायला, लॉकच्या समोरच्या बाजूच्या साइडप्लेटच्या टोकदार कोपऱ्यात. ह्या महागाच्या असायची गरज नाही, चेक बनावटीच्या नॅरेक्स चांगल्या आहेत आणि खिशाला परवडतात, फक्त आल्या आल्या पाठ दगडावर घासून आरशासारखी करा, निदान टोकाकडचा इंचभर भाग तरी. पटाशीच्या दोन्ही कडा बारीक उतरवलेल्या असाव्यात, जाड चौकोनी कडेची पटाशी कोपऱ्यात शिरत नाही, दुकानात हातात घेऊन बघितलं की लगेच कळतं.

लॉकप्लेटचं नाक आणि शेपटी गोल असते, तिथे चपटी पटाशी कामाची नाही. प्लेट दस्त्यावर धरून धारदार सुरीने कडेने रेघ मारायची आणि मग त्या वळणाशी जुळणारी गोल पटाशी, म्हणजे गाऊज, उभी धरून हलकेच ठोकायची, की वळण एका फटक्यात स्वच्छ उतरतं. कुठल्या गोलाईची लागेल हे दुकानात ठरवायचं नसतं, स्वतःची प्लेट हातात आल्यावर ठरवायचं. प्लेट कागदावर ठेवून पेन्सिलने छाप काढा आणि गाऊजच्या कंपन्यांचे गोलाईचे तक्ते मिळतात तो खऱ्या मापात प्रिंट करून शेजारी धरा. हीच युक्ती पुढे कोरीवकामालाही कामाला येणार आहे. बाय द वे, प्लेटच्या कडेला कानशीने अगदी पुसटसा उतार द्या, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा केसभर लहान, म्हणजे प्लेट बसताना घट्ट होत जाते आणि पुन्हा काढताना कडेचं लाकूड उपटून आणत नाही.

खाच किती खोल झाली, कुठे टेकतंय, हे बघायला धातूला काळं लावून दाबतात, जिथे डाग उमटेल तिथे खरवडायचं. बाटलीतलं इनलेटिंग ब्लॅक मिळतं, मेणबत्तीची काजळी चालते, आणि स्वस्तातली लाल लिपस्टिकही मस्त चालते, फक्त घरातल्या कुणाची उचलताय ते आधी विचारून घ्या. ह्या टप्प्यावर पटाशी कापायचं काम कमी आणि खरवडायचं जास्त करते. चपटी उभी धरून दोन्ही हातांनी ओढायची, काळा डाग भुग्यासारखा निघून येतो. म्हणून एखादी जुनी चपटी फक्त खरवडायला बाजूला ठेवली तर चांगल्या पटाशीची धार वाचते.

रामरॉडचं भोक आणि बॅरलची खाच ह्यांच्या मधे लाकडाचा पडदा असतो, साधारण ३ मिमी, आणि पुढच्या भागात बॅरलच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीही तशाच पातळ. तिथे पटाशीचा तरफेसारखा वापर करून कपची उचकटायची नाही, आधी दोन्हीकडून काप घ्यायचे आणि मगच ती आपोआप सुटते. काम करताना बॅरल, निदान त्या मापाची लाकडी पट्टी, खाचेत ठेवूनच दस्ता व्हाइसमध्ये धरा, नुसता दस्ता धरला तर पुढचा बारीक भाग कधी मोडेल सांगता येत नाही. व्हाइसच्या जबड्यांना चामडं लावायला विसरू नका.

पाइपांच्या खाचांना एक खोलगट गाऊज लागते. रामरॉड बहुतेक किटांत ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिमी, पाइप त्याहून थोडा मोठा, तर ८ नंबरची (नंबर म्हणजे गोलाई, ते पुढे सांगतो) दहाएक मिमीची गाऊज घेतली की पाइपांचं काम होतं आणि रामरॉडची उघडी नाळही तिनेच साफ होते. सगळ्यात मागचा, शेपटीवाला एंट्री पाइप मात्र किचकट, त्याची शेपटी दस्त्याच्या वळणावरून खाली येते, तिथे बारीक चपटी आणि भरपूर संयम. बटप्लेटला पटाशीपेक्षा रास्प (लाकडाची जाड दात्यांची कानस) आणि कानस जास्त लागते, त्याच्यासाठी वेगळं काही विकत घेऊ नका.

आता कोरीवकाम, जिथे खरी मजा आहे आणि खरा खर्चही. आधी ठरवा की कोरीवकाम करायचंच आहे का. अपॅलेशियन डोंगरातल्या सदर्न माउंटन रायफली बहुतेक साध्या असायच्या, लोखंडी सामान, कोरीवकाम जवळपास नाही, आणि पहिल्या रायफलला हा अतिशय शहाणपणाचा पर्याय आहे. थोडंसं हवंच असेल तर लीहाय खोऱ्यातल्या रायफलींचं बघा, तिथे नुसत्या रेघा कोरून केलेलं काम भरपूर दिसतं, त्याला एक व्ही-टूल (व्ही आकाराच्या तोंडाची पटाशी) आणि एक बारीक व्हेनर (यू आकाराची) एवढंच लागतं. लँकेस्टरच्या वळणाचं उठावाचं काम, ते सी आणि एस आकाराचे वेलांटीदार स्क्रोल, हे करायचं असेल तरच पुढची यादी वाचा.

उठाव किती असतो असं वाटतं? फोटोत बोटभर उंच दिसतो, पण तो सावलीचा खेळ आहे, जुन्या रायफलींवर बहुतेक ठिकाणी एक-दीड मिमीच्या आतच सगळं. नाझरेथजवळ जेकब्सबर्गला पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल म्युझियम आहे, तिथे जाऊन बाजूने उजेड पडेल असं बघा, खात्री पटेल. एवढ्या उथळ कामाला जाड, लांब, मूर्तिकाराच्या पटाश्या लागत नाहीत, मधल्या मापाच्या लागतात, आठ इंचाच्या आसपास, ज्या एका हाताने पकडून दुसऱ्याने छोट्या मोगरीने टकटक करता येतात. तळहातात बसणाऱ्या, आंबाड्यासारख्या मुठीच्या पाम टूल्स दिसायला गोंडस असतात, आमच्याच राज्यातल्या ईरीच्या फ्लेक्सकटच्या चांगल्याही आहेत, पण कडक मेपलवर नुसत्या तळहाताच्या जोरावर कापायचं म्हटलं की मनगट बोलायला लागतं आणि त्यांच्यावर मोगरी मारता येत नाही. हौशी बारीकसारीक साफसफाईला एखादी असू द्या, मुख्य काम त्यांच्यावर नको.

आता नंबरांचं. गाऊजवर नंबर असतो तो गोलाईचा, जितका मोठा तितकी खोल, ३ म्हणजे जेमतेम वाकलेली, ५ मधली, ७ चांगली गोल, ९ जवळपास अर्धवर्तुळ, ११ म्हणजे यू आकाराची व्हेनर. पण शेफील्डची इंग्लिश पद्धत आणि स्विस पद्धत ह्यांत फरक आहे, इंग्लिश यादीत २ नंबर म्हणजे तिरक्या तोंडाची चपटी, स्विस यादीत २ नंबर म्हणजे अगदी उथळ गाऊज. शिवाय फाइल (Pfeil) ह्या स्विस कंपनीच्या पटाशीवर ५/१६ असं कोरलेलं दिसलं तर ते इंच नव्हे, ५ ही गोलाई आणि १६ मिमी रुंदी. अमेरिकेत इंचात विचार करायची सवय लागलेली असते म्हणून इथेच लोक गंडतात, सुमारे ८ मिमीची हवी असते आणि दुप्पट रुंदीची घरी येते. कंपनी बदलली की एकाच नंबरची गोलाईही थोडी बदलते, म्हणून शक्यतो एकाच कंपनीच्या घ्या, नाहीतर दोन गाऊजचं वळण एकमेकांना जोडताना गडबड होते.

पहिली घ्यायची ती व्ही-टूल, ६० अंशाची, ३-४ मिमी रुंद. स्क्रोलची बाहेरची रेघ हिनेच पडते. आणि ही विकत घेताना सगळ्यात जास्त बघून घ्यावी लागते, दोन्ही पाकळ्यांची जाडी सारखी आहे का, आतला कोन मधोमध आहे का, टोकाकडून डोळ्यासमोर धरून बघा. एक पाकळी जाड असेल तर ती आयुष्यभर एका बाजूला ओढत राहणार आणि धार लावताना टोकाला छोटं नाक उरणार. ह्या एका पटाशीवर काटकसर करू नका.

मग ३ नंबरची, एक ५-६ मिमी आणि एक ८-१० मिमी. उठावाच्या भोवतालचं लाकूड खाली उतरवायला, म्हणजे पार्श्वभूमी सपाट करायला हीच रात्रंदिवस हातात असते, तेव्हा दोन्ही चांगल्या घ्या. चपटी पटाशी पार्श्वभूमीला का नको, तर तिचे कोपरे लाकडात रुततात आणि चरे उमटवतात, ३ नंबरचे कोपरे किंचित वर राहतात. माशाच्या शेपटीसारखी पसरट मिळाली तर अजून छान, ती कोपऱ्याकोपऱ्यात शिरते. मग ५ नंबर ८ मिमी आणि ७ नंबर ६ मिमी, ह्या दोन स्क्रोलच्या वळणांसाठी, आणि शेवटी ११ नंबरची २ मिमी, पाकळ्यांच्या आतल्या शिरा काढायला. तिरक्या तोंडाची एक छोटी असली तर टोकदार कोपऱ्यांत उपयोगी, पण धारदार सुरीने तेच काम बऱ्यापैकी भागतं, ती मागाहून घ्या.

पण थांबा, हे आकडे माझ्या आवडीच्या नमुन्याला धरून आहेत, तुमच्या नाही. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी हे करा. ज्या रायफलचं कोरीवकाम आवडलंय त्याचा नमुना खऱ्या मापात कागदावर काढा किंवा प्रिंट करा, मग तो गोलाईचा तक्ता पारदर्शक कागदावर प्रिंट करून नमुन्यावर सरकवत न्या आणि प्रत्येक वळणाला कुठला नंबर आणि कुठली रुंदी जुळते ते पेन्सिलने लिहून ठेवा. एका मोठ्या सी-स्क्रोलला साधारण तीन गोलाया पुरतात, पाठीला ५ किंवा ३, पुढे वळताना ७, आणि शेवटच्या गाठीला ८ नाहीतर ९. सगळ्या नमुन्यावरून फिरून आलात की दिसेल की तेच दोनतीन नंबर परतपरत येतायत. तेवढेच घ्या. जे वळण जुळत नाही ते नमुन्यातच जरा बदला. असं केलं की गाऊज उभी ठोकून सगळी बाह्यरेषा पाडता येते, हाताने वळवत काप घ्यायची वेळच येत नाही, आणि दोन्ही बाजूंची वळणं हुबेहूब सारखी होतात.

आता प्रत्यक्ष कापताना काय होतं ते बघा. सी-स्क्रोलभोवती व्ही-टूलने रेघ पाडायला सुरुवात केली, स्क्रोलच्या वरच्या अंगाला दोरा सुटल्यासारखी लांब, अखंड ढलपी निघत असते, कापलेला भाग चकचकीत दिसतो, आवाजही सळसळ असा एकसारखा. मग वळण जिथे खाली झुकतं तिथे आवाज बदलतो, खरखर, ढलपी तुटक निघायला लागते, म्हणजे रेषा उलटली. तिथे लगेच थांबायचं, पटाशी बाहेर काढायची आणि वळणाच्या दुसऱ्या टोकाकडून येऊन त्याच जागी पहिल्या रेघेला मिळायचं. एका गोलाला चार चतुर्थांश, त्यातले दोन एकीकडून आणि दोन दुसरीकडून, हा हिशोब हाताला बसला की मग कर्लमधलंही जमतं. आणि चकचकीत कापावर जर एक बारीक पांढरी रेघ सलग उमटत असेल तर लाकडात काही नाही, तुमच्या धारेत खाच पडलीये, लगेच उठून दगडावर जा.

एक गोष्ट आणखी, उठावाचं काम करायचं असेल तर दस्त्याला आकार देतानाच तिथे लाकूड जास्त ठेवावं लागतं, गालाच्या मागे, टँगच्या (बॅरलच्या मागच्या शेपटीच्या) भोवती आणि एंट्री पाइपच्या मागे, दीडएक मिमी. आधी घासून गुळगुळीत केलं आणि मग उठाव आठवला तर आता भोवताल उतरवायला लाकूडच नाही, अशी गत होते. सीएनसी किट घेताना हे विचारून घ्या, बऱ्याच किटांत दस्ता जवळपास शेवटच्या मापाला आणलेला असतो, मग कोरलेल्या रेघांचं कामच करावं लागतं.

कंपन्यांचं म्हणाल तर स्वित्झर्लंडच्या फाइल मला सगळ्यात बऱ्या वाटतात, डब्यातून निघतात त्याच धारदार, मूठ अष्टकोनी असते म्हणून टेबलावरून गडगडत नाहीत, आणि त्यांच्यात ते मधलं मापही मिळतं. किंमत चाळीस-साठ डॉलरच्या घरात, एकीची. जर्मनीच्या झोलिंगन-रेमशाइड पट्ट्यातल्या टू चेरीज, इंग्लंडच्या ॲशली आइल्स आणि हेन्री टेलर, ऑस्ट्रियाच्या श्टुबाय, ह्या सगळ्या विश्वासाच्या, पण काहींची धार पहिल्यांदा स्वतः लावावी लागते. सेकंडहँड मध्ये जुन्या ॲडिस किंवा बक ब्रदर्स दिसल्या तर सोडू नका, पण तीन गोष्टी बघा. गाऊजच्या आतल्या बाजूला गंजाचे खड्डे आहेत का, कारण धार आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या मिलनावर असते आणि आत खड्डा म्हणजे धारेत खाच, घासून जाणार नाही. टोकाला निळसर छटा आहे का, म्हणजे कुणीतरी ग्राइंडरवर तापवून पाणी उतरवलंय. आणि पातं किती उरलंय. स्वस्तातल्या सेटमध्ये ह्याच्या उलट प्रॉब्लेम, पोलाद मऊ, पातं जाड, मेपलवर चार काप घेतले की टोक दुमडतं, आणि बारामधल्या पाचांची गोलाई जवळपास एकच.

धारेबद्दल. कारखान्यातून कोरीवकामाच्या पटाश्या साधारण २० अंशाच्या आसपास येतात, ते लिंडेन-बासवुडसारख्या मऊ लाकडाला ठीक, मेपलवर टोक तुटतं. २५ अंशाकडे आणा, सगळा उतार नव्याने घासायची गरज नाही, टोकालाच बारीक दुसरा उतार दिला तरी पुरतो. दगड १००० आणि ६००० ग्रिटचे (आकडा मोठा तितका दगड बारीक), गाऊजच्या आतून फिरवायला गोल कडेचा छोटा स्लिप स्टोन, आणि चामड्याचा पट्टा त्यावर ती हिरवी क्रोमियम ऑक्साइडची कांडी घासलेला. गाऊज दगडावर घासताना मनगटातून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत लाटत न्यायची, कोपरे जास्त घासले तर टोक नखासारखं गोल होतं आणि मग उभी ठोकली की वळणाचे टोकाचे भाग कापतच नाहीत. धार बसली का बघायला हातावरचे केस कापत बसू नका, पाइनच्या तुकड्याचा आडवा काप घ्या, टोकाकडून, जिथे रेषांची तोंडं दिसतात तिथे. मऊ लाकूड असल्यामुळे धार कमी असेल तर ते दबतं आणि फाटतं, पांढुरकं खरखरीत दिसतं, चांगली असेल तर मेणासारखं गुळगुळीत आणि गडद. मेपलवर काम चालू असताना दर पाच-दहा मिनिटांनी पट्ट्यावर चारदोन हात फिरवले की दगडाकडे जायची वेळ फार क्वचित येते.

दगड, स्लिप आणि पट्टा मिळून एका चांगल्या पटाशीच्या दुपटीच्या आसपास खर्च येतो, आणि तो पहिल्याच दिवशी करा, पटाश्या मागाहून येऊ द्या. पहिल्या खेपेला तीन चपट्या, एक सुरी, धारेचं सामान. लॉक आणि पाइप बसले की मग ८ नंबरची गाऊज आणि वळणाला जुळणारी एखादी. दस्त्याला आकार येऊन नमुना काढायची वेळ आली की व्ही-टूल आणि दोन ३ नंबरच्या. नमुन्याच्या वळणांसाठीच्या सगळ्यात शेवटी, तो तक्ता सरकवून झाल्यावर.

सरावाला किटवाल्याकडून मेपलचाच एखादा तुकडा मागून घ्या, शक्यतो कर्ल असलेला. पॉपलर किंवा पाइनवर सराव केला की सगळं सोपं वाटतं आणि मग दस्त्यावर पहिल्याच कापाला पटाशी सरकते, त्यापेक्षा त्याच लाकडावर अख्खा स्क्रोल एकदा कोरून बघा, पटाशी कुठे अडते, कुठली कमी पडते हे तिथेच कळतं. मोगरी हलकी घ्या, दोन-अडीचशे ग्रॅमची, जड मोगरी मेपलमध्ये हवं त्याहून खोल नेते. आणि दोन्ही हात कायम धारेच्या मागे, दस्ता एका हाताने धरून दुसऱ्याने पटाशी रेटायची सवय लावून घेऊ नका, तळहातावरचे टाके महाग पडतात.

राहिलं ठेवायचं. आमच्या इकडच्या बेसमेंटला उन्हाळ्यात घाम फुटतो, पोलादाला एका रात्रीत तांबूस डाग येतात. कापडी रोलमध्ये प्रत्येकीला वेगळा खिसा, ठेवण्याआधी कॅमेलिया तेलाचा हलका हात. लाकडी खोक्यात सगळ्या एकत्र टाकल्या तर धारा एकमेकींवर आपटून परत दगडावर जावं लागतं.